रुग्णाने आपणांस काय म्हणावे?

जिल्ह्यातील व्यावसायिकांच्या गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी अशी सूचना मांडली, की आपण सर्वांनी रुग्णांकडून स्वतःस ‘डॉक्टर’ न म्हणवता ‘वैद्य’ म्हणवून घ्यावे आणि ‘कृपया वैद्य असे संबोधावे’ अशी पाटी प्रत्येक चिकित्सालयात लावावी. सूचनेवर बोलणारे पुष्कळ निघाले. ज्येष्ठांनी बहुशः अनुमोदन दिले, तरुण पदवीधरांनी बहुशः विरोध केला, औषधी विक्रेते बंधू काहीसे कौतुकाने ऐकत राहिले आणि वेळ संपल्यामुळे विषय पुढील बैठकीवर गेला. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र जाणवले, की प्रश्न दिसतो तितका मानापमानाचा नाही. रुग्ण चिकित्सकास कोणत्या नावाने हाक मारतो यावर तो चिकित्सकास काय सांगतो आणि काय लपवतो, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून आमचे मत या पृष्ठांतून मांडीत आहोत.

मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण आहे. चौंडेश्वरीच्या दर्शनास आलेला, तहसिलीत सातबारा काढावयास आलेला, बाजाराला आलेला असा मनुष्य जाता जाता आमच्या पायरीवर टेकतो. तो आम्हांस काय म्हणतो याची नोंद आम्ही बैठकीनंतर काही दिवस ठेवली. ‘डॉक्टरसाहेब’ हे संबोधन सर्वांत अधिक. त्याखालोखाल नुसते ‘डॉक्टर’, मग ‘भाऊ’. वयाने मोठ्या स्त्रिया ‘बाबू’ म्हणतात, महाविद्यालयात जाणारी मुले ‘सर’ म्हणतात, आणि वरठीच्या कारखान्याकडून येणारा एखादा हिंदी भाषक कामगार ‘वैद्यजी’ म्हणतो. ज्या शब्दासाठी आपण ठराव करू पाहत आहोत तो शब्द ‘जी’ लावून का होईना, पण एका परप्रांतीयाच्याच तोंडून आमच्या कानी पडला. स्थानिक रुग्णांपैकी एकानेही आम्हांस ‘वैद्य’ म्हटले नाही.

नुसत्या नावाने हाक मारणारा अर्थातच कोणी नव्हता. आमचे शाळूसोबती तेवढे अपवाद. पाश्चात्त्य देशांत रुग्णाने चिकित्सकास पहिल्या नावाने हाक मारावी की पदवीने, यावर वाद होतात. आपल्याकडे त्या वादास तसे रूप येत नाही, कारण मराठीत नाव आणि पदवी यांच्या मध्ये नात्याचा एक मोठा ऐसपैस ओटा आहे. भाऊ, दादा, काका, मामा, ताई, बाई ही सारी मंडळी त्या ओट्यावर बसलेली आहेत. आपल्याच क्षेत्रातील उदाहरणे घ्यावीत. पुण्याचे वैद्य भास्कर विश्वनाथ गोखले हे शिष्यांचे आणि रुग्णांचे ‘मामा’ होते. वैद्य परशुराम यशवंत वैद्य खडीवाले हे ‘दादा’ होते. त्यांच्या विद्वत्तेस या हाकांनी कधी उणेपणा आला नाही. त्याहून मागे गेलो तर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील एक पदवीधर रामकृष्ण विठ्ठल लाड यांचे खरे नाव आज कितीजणांस आठवेल? जगाने त्यांना ‘भाऊ दाजी’ म्हणूनच ओळखले. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही देशी वनस्पतींचा, विशेषतः कुष्ठरोगावरील देशी औषधाचा शोध घेणारे हे गृहस्थ १८७४ साली निवर्तले. पुढे शंभर वर्षांनी, १९७५ साली, भायखळ्याच्या संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले ते ‘डॉ. भाऊ दाजी लाड’ असे. पदवी आणि घरची हाक एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसल्या आणि कोणास त्यात विसंगती वाटली नाही.

आता मूळ सूचनेकडे वळू. ‘वैद्य’ या शब्दाविषयी ज्येष्ठांच्या मनात जे ममत्व आहे त्यास शास्त्राधार भक्कम आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या पादात, म्हणजे आयुर्वेदसमुत्थानीय रसायनपादात, असे सांगितले आहे की विद्या समाप्त झाल्यावर भिषकास आणखी एक जन्म प्राप्त होतो आणि ‘वैद्य’ हा शब्द त्यास तेव्हा मिळतो. पूर्वीच्या जन्मामुळे तो मिळत नाही. किती स्पष्ट विधान आहे हे! वैद्याच्या घरात जन्मला म्हणून वैद्य नव्हे, ज्ञान झाले म्हणून वैद्य. (आडनावाने वैद्य असलेल्या आमच्या बँकेतील स्नेह्यांनी क्षमा करावी.) प्रज्ञावंताने प्राणाचार्याची निंदा करू नये, त्याचे अहित चिंतू नये, असे तेथेच पुढे म्हटले आहे, आणि लगोलग चिकित्सकालाही बजावले आहे की सर्व आतुरांचे स्वतःच्या अपत्यांप्रमाणे रक्षण करावे. मान आणि त्याचे मोल अशी दोन्ही एकाच श्वासात सांगितली आहेत. आपण ठराव करताना पहिला भाग घेतो आणि दुसरा ग्रंथात ठेवून देतो.

तरुणांचा विरोधही पोरकट नाही. ‘आयुर्वेदाचार्य’ ही पदवी साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर, त्यांतील एक वर्ष आंतरवासिता करून, ते मिळवतात. गावी येऊन ‘वैद्य’ अशी पाटी लावली की येणारा पहिला रुग्ण विचारतो, ‘जडीबुटीवाले का जी?’ खेड्यातील कानाला ‘वैद्य’ आणि ‘वैदू’ हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. वैदू समाजाच्या वनस्पतिज्ञानाविषयी आमच्या मनात अनादर नाही, किंबहुना वनौषधी ओळखण्यात आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत. परंतु शरीररचनेपासून शल्यतंत्रापर्यंत शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून बसलेल्या पदवीधरास निराळी ओळख हवी असेल तर ते गैर म्हणता येणार नाही. ‘डॉक्टर’ हा शब्द ती ओळख आयती देतो. अडचण एवढीच की आयत्या ओळखीबरोबर आयत्या अपेक्षाही येतात. आमच्या भागात ‘डॉक्टर’ म्हणजे सुई आणि सलाईन. ‘डॉक्टरसाहेब, सुई लावून द्या’ असे म्हणणाऱ्या रुग्णास आधी लंघन आणि मग पाचन समजावून सांगताना कोणाचा जीव मेटाकुटीस आला नाही? त्याने शब्दाप्रमाणे मागितले. शब्द आपणच पाटीवर लिहिला होता. कोणी कोणत्या पद्धतीची औषधे द्यावीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत, १९९८ च्या मुख्त्यार चंद प्रकरणापर्यंत, गेलेला आहे. त्यात आज शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या हाताने नाडी धरली आहे तो हात कोणत्या शास्त्रात शिकलेला आहे हे रुग्णास कळले पाहिजे, आणि ते कळविण्याचे काम पाटीचे व चिठ्ठीचे आहे. रुग्णाच्या जिभेवर ते काम लादता येणार नाही.

‘डॉक्टर’ या उपपदाची मालकी कोणाची यावर इतरत्रही कमी गोंधळ नाही. इंग्लंडात शल्यविशारद मोठ्या अभिमानाने ‘डॉक्टर’ सोडून ‘मिस्टर’ होतात, कारण त्यांची परंपरा विद्यापीठातून आलेली नसून हाताने काम करणाऱ्या कारागिरांच्या संघातून आलेली आहे. आपल्या देशात २०२५ च्या सप्टेंबरात भौतिकोपचार तज्ज्ञांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाकडून निघाले आणि पाठोपाठ मागेही घेण्यात आले. एवढ्या उच्च स्थानी जे निश्चित होत नाही ते आपण तालुक्याच्या दवाखान्यात पाटी लावून निश्चित करू, असे मानणे धाडसाचे आहे.

परंतु आमचा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो ‘डॉक्टर’ किंवा ‘वैद्य’ यांपेक्षा त्यापुढे लागणाऱ्या ‘साहेब’ या शब्दाशी संबंधित आहे. तो आम्हांस एका प्रसंगाने उमगला. प्रसंगातील चूक आमची आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

सूर नदीकाठच्या एका गावचे साठी ओलांडलेले एक शेतकरी गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आमच्याकडे येत असत. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून दुखणे वाढले होते. आम्ही प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरे दिली. दुसरे काही औषध चालू आहे का? ‘नाई जी, डॉक्टरसाहेब.’ मागील औषध नियमित घेतले का? ‘हो जी, डॉक्टरसाहेब.’ पथ्य पाळता का? ‘हो जी.’ आम्ही गुग्गुळकल्प लिहून दिला. ते चिठ्ठी घेऊन समोरच्या औषधी दुकानात गेले. दुकानदारास ते ‘भाऊ’ म्हणतात. काही वेळाने त्या दुकानदार बंधूंचा आम्हांस दूरध्वनी आला. त्या गृहस्थांनी पिशवीतून एक पट्टी काढून भाऊंना विचारले होते, की नागपूरच्या इस्पितळातून छातीच्या दुखण्यासाठी मिळालेली ही गोळी नव्या औषधासोबत चालेल का? गोळी रक्त पातळ करणारी होती. त्याच ओघात त्यांनी हेही सांगितले होते, की चार दिवसांपासून दात घासताना रक्त येते, आणि आमचे मागील औषध पंधरा दिवसांचे होते ते पाच दिवसांतच सोडून दिले होते.

आम्ही धावत रस्ता ओलांडला. गुग्गुळ थांबविला, रक्ताची तपासणी लिहून दिली आणि ज्यांची ती गोळी होती त्या हृदयरोग चिकित्सकांकडे चिठ्ठी देऊन पाठविले. पुढे सर्व ठीक झाले. पण आम्ही त्यांना विचारल्यावाचून राहवले नाही, की हे आम्हांस का सांगितले नाही? त्यांचे उत्तर आम्ही विसरणार नाही. ‘साहेब रागावतीन म्हनून नाई सांगतलं जी.’

यात त्यांचा दोष काय? मोहाडीत ते ज्या ज्या दारी ‘साहेब’ म्हणतात त्या त्या दारांचा त्यांचा अनुभव काय आहे? तहसिलीत साहेब, ठाण्यात साहेब, बँकेत साहेब. साहेबांसमोर मान लववून ‘हो जी’ म्हणावे आणि लवकर बाहेर पडावे, हे शहाणपण त्यांनी आयुष्यभराच्या अनुभवातून कमावलेले आहे. आमच्या दारी तोच शब्द, म्हणून तेच वर्तन. ‘हो जी’ हे आम्हांस उत्तर वाटले. ते केवळ निरोप घेणे होते. रस्त्यापलीकडे शब्द बदलला आणि सत्य बाहेर आले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत आणि प्रत्येक पादाचे चार गुण. रुग्णाचे गुण आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. त्यांपैकी निर्देशकारित्वाची, म्हणजे सांगितलेले ऐकण्याची, अपेक्षा आपण रुग्णाकडून आवर्जून करतो. ‘पथ्य पाळत नाहीत’ ही आपली कायमची तक्रार असते. अभीरुत्व आणि ज्ञापकत्व मात्र रुग्णाने जणू घरूनच घेऊन यावे असे आपण समजतो. जो भ्यायलेला आहे तो सांगणार नाही. जो सांगणार नाही त्याच्या चिकित्सेचा एक पाद मोडलेला आहे. मग उरलेले तीन कितीही बळकट असोत. आणि हे भय व्याधीचे नसून आमचे असेल, आमच्या खुर्चीचे, आवाजाचे आणि उपाधीचे असेल, तर मोडलेला पाद रुग्णाच्या खाती मांडण्याचा आम्हांस अधिकार उरत नाही.

तेव्हा ‘भाऊ’ म्हणणाऱ्या रुग्णास ‘वैद्य म्हणा’ असे सुचविणारी पाटी आम्ही तरी लावणार नाही. तो ओट्यावर येऊन बसला आहे. त्यास उठवून अंगणात उभे करण्यात काय लाभ?

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही उपाधी सरसकट काढून टाकण्याच्या मताचे आहोत. तसे नाही. पदवी सोडून देण्याची चैन ज्याची पदवी कोणी नाकारीत नाही त्यालाच परवडते. आमच्या तालुक्यातील एका तरुण महिला वैद्यांची हकिगत ऐकली म्हणजे हे ध्यानी येईल. त्या पदव्युत्तर शिक्षण घेऊन आल्या आहेत. त्यांच्याकडे औषधे बांधून देण्यास एक मध्यमवयीन मदतनीस आहेत. दवाखान्यात शिरणारा रुग्ण मदतनिसास ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो आणि या भगिनींना ‘सिस्टर’ किंवा ‘ताई’. त्यांनी नाडी धरलेली असताना सोबतचा नातेवाईक विचारतो, ‘डॉक्टर कवा येतीन जी?’ ऐकताना हसू येते. पण एका सायंकाळी आठवा महिना चालू असलेली एक गर्भिणी त्यांच्याकडे आली. पायांवर व चेहऱ्यावर सूज, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब चढलेला. भगिनींनी तत्काळ भंडाऱ्यास जिल्हा रुग्णालयात नेण्यास सांगितले. घरच्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मदतनिसास विचारले, ‘डॉक्टरसाहेब, ताई म्हणते तसं न्याच लागन का, का सकाळी नेलं तं चालन?’ मदतनीस प्रामाणिक होते. त्यांनी ‘आताच न्या’ असे खडसावले आणि मंडळी निघाली. ते प्रामाणिक नसते, किंवा त्या दिवशी रजेवर असते, तर?

याच प्रसंगात ‘ताई’ हा शब्द ‘भाऊ’सारखा वागला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुरुष चिकित्सकास ‘भाऊ’ म्हटले की त्याची विद्या गृहीत धरूनच जवळीक साधली जाते. स्त्री चिकित्सकास ‘ताई’ म्हटले की पुष्कळदा विद्याच पुसली जाते. नेहमीच असे होते असे नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आल्या, लंडनला शिकलेल्या रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्या ‘बाई’ या शब्दात पुरेपूर आदर होता. आज त्याच शब्दाने घरी भांडी घासणारीस हाक मारतात. (त्या कष्टाळू स्त्रीसही आदराने हाक मारावी, हा निराळ्या लेखाचा विषय.) ‘डॉक्टरीण’ म्हणावे तर गावात त्याचा अर्थ डॉक्टरांची पत्नी असा होतो. मराठीने या भगिनींसाठी अद्याप नीटसा शब्द घडविलेला नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत ‘वैद्य’ किंवा ‘डॉक्टर’ हे उपपद आग्रहाने लावले गेले पाहिजे. आग्रह त्यांनी स्वतः धरला तर त्या गर्विष्ठ ठरतात. तो धरण्याचे काम मदतनिसाचे, शेजारच्या औषधी विक्रेत्याचे आणि आम्हां समव्यावसायिक पुरुषांचे आहे. ‘ताईंकडे जा’ असे न म्हणता ‘वैद्य अमुक यांच्याकडे जा’ असे म्हणण्यास आम्हांस काही पैसे पडत नाहीत. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ‘त्या मुलीकडे दाखवा’ असे म्हणत आलो, हे कबूल करतो.

मदतनिसाचा उल्लेख आलाच आहे तर औषधी विक्रेते बंधूंनाही दोन शब्द. वर ज्यांच्या दूरध्वनीने एक अनर्थ टळला ते दुकानदार आपल्यापैकीच आहेत, आणि रुग्ण आमच्यापेक्षा त्यांच्याशी खरे बोलतो हे आम्ही मान्य करतो. परंतु खेड्यापाड्यांत गल्ल्यावर बसलेल्या व्यक्तीसही ‘डॉक्टर’ म्हणण्याची रीत आहे, आणि ही उपाधी कानी पडल्यावर ‘मी डॉक्टर नव्हे’ असे सांगणारे विक्रेते आम्ही थोडे पाहिले. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही. त्यामुळे ही न मागता मिळालेली उपाधी अधिकच जपून वापरावयास हवी. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ‘डॉक्टर, मागच्यासारखीच गोळी द्या’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास ती सूचना दिसत नाही. त्यास समोर ‘डॉक्टर’ दिसतो, म्हणजे देखरेख झालीच असे तो समजतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात छद्मचर भिषकांचे वर्णन केले आहे. औषधांची भांडी आणि पुस्तके बाळगल्यामुळे ज्यांना भिषक् हा शब्द प्राप्त होतो ते, असा त्याचा भाव आहे. मोहाडीतील एकाही दुकानदारास आम्ही छद्मचर म्हणत नाही. पण शब्द कसा चिकटतो हे आचार्यांनी अचूक हेरले होते, एवढे नक्की.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. बैठकीत तासभर चर्चा झाली तीत रुग्ण आपणांस काय म्हणतो एवढेच आले. आपण रुग्णास काय म्हणतो हे एकाच्याही तोंडून निघाले नाही. आमच्या दवाखान्यातील परिस्थिती सांगतो. इतरत्र फार निराळी नसावी. पायघोळ धोतर नेसलेल्या वृद्ध गृहस्थांना आमचा मदतनीस ‘ए बुढ्या, तुझा नंबर’ असे पुकारीत असे. आंधळगावच्या एका विणकर आजींना, ज्यांच्या हातची कोशाची वस्त्रे मोठमोठ्या शहरांत जातात, ‘बुढी, तिकडं सरक’ असे ऐकावे लागे. तहसिलीतील कारकून आले की ‘या साहेब, बसा.’ आम्ही हे वर्षानुवर्षे ऐकले आणि आम्हांस ते ऐकू आले नाही. आम्ही स्वतः ‘तुम्ही’ म्हणत असू, पण तेही पागोटे आणि पाकीट पाहून. मजुरी करणाऱ्या स्त्रीस आमच्या तोंडूनही ‘तू’ निघे. सुश्रुताचार्यांनी आतुराचे पुत्रवत् पालन करावे असे म्हटले आहे, आणि पुत्रास ‘तू’च म्हणतात, असे समर्थन एका मित्रांनी केले. मित्रांच्या सुपुत्रास ‘ए, नंबर तुझा’ असे कोणी पुकारले तर त्यांना कसे वाटेल, एवढेच आम्ही विचारले. शिवाय सुश्रुताचार्यांनी तेथे आधी हे सांगितले आहे, की आतुर आई-बाप, पुत्र व नातलग यांच्याविषयीही शंका बाळगतो पण वैद्यावर विश्वासून स्वतःस त्याच्या हवाली करतो. पुत्रवत् पालन हे त्या विश्वासाचे ऋण आहे, वडीलकीचा परवाना नव्हे.

नावाचा उच्चार करावा तो येथे. पण रुग्णाच्या नावाचा, आदरासह. आणि स्वतःच्या नावाचा. इंग्लंडातील डॉ. केट ग्रेंजर या स्वतः चिकित्सक होत्या आणि कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ साली रुग्णालयात खाटेवर पडल्या असता त्यांच्या ध्यानी आले, की उपचार करणारे अनेकजण आपले नावही सांगत नाहीत. ‘हॅलो, माय नेम इज’ एवढ्या चार शब्दांवर त्यांनी एक मोहीम उभारली आणि २०१६ साली त्यांचे निधन होईपर्यंत ती देशभर पसरली. रुग्णाने आपणांस पहिल्या नावाने हाक मारावी असा त्यांचा हट्ट नव्हता. समोर कोण आहे हे रुग्णास कळावे, एवढाच होता. आपल्या दवाखान्यांत हे कितपत घडते? पाटीवर नाव आहे असे कोणी म्हणेल. आमच्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांना ती पाटी वाचता येत नाही.

म्हणून पुढील बैठकीत आम्ही मूळ सूचनेस उपसूचना मांडणार आहोत. पाटीवर आणि चिठ्ठीवर नावाआधी ‘वैद्य’ लिहावे, नावानंतर ‘आयुर्वेदाचार्य’ ही पदवी मराठीत पूर्ण लिहावी आणि नोंदणी क्रमांक ठळक घालावा, ज्यांना ‘डॉ.’ लिहावयाचे आहे त्यांनी पदवी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावी, कोपऱ्यात बारीक नव्हे. नवीन रुग्णास चिकित्सकाने आपले नाव आणि आपण आयुर्वेदाचे चिकित्सक आहोत हे स्वतः तोंडी सांगावे. महिला वैद्यांचा उल्लेख मदतनीस आणि विक्रेते यांनी उपपदासहच करावा. रुग्णास पुकारताना नावापुढे ‘जी’, ‘भाऊ’, ‘ताई’, ‘आजी’ असे काही तरी असावे आणि ‘तुम्ही’ असावे. आपल्या झाडीपट्टीत ‘जी’ इतका स्वस्त आहे की त्याची काटकसर कोणी करू नये. रुग्णाने आपणांस काय म्हणावे याविषयी ठरावात एक अक्षरही असू नये. ज्येष्ठ सदस्य आमच्यावर रागावतील हे आम्ही जाणून आहोत. त्यांच्याविषयीचा आमचा आदर त्यांना ठाऊक आहे. आम्ही त्यांना आजही ‘गुरुजी’च म्हणतो.

आमच्या दवाखान्यात मदतनिसाची जीभ वळण्यास तीन आठवडे लागले. ‘बुढी’ अजूनही अधूनमधून निसटते आणि मग तो स्वतःच जीभ चावतो. आमच्या तोंडचा ‘तू’ जाण्यास त्याहून अधिक काळ लागत आहे. गुडघ्यांचे ते शेतकरी गृहस्थ परवा धान विकून तुमसरहून परतताना येऊन गेले. त्यांना आम्ही ‘भाऊ म्हणत जा’ असे एकदा सुचवून पाहिले होते. ते इतके संकोचले की पुन्हा विषय काढला नाही. ते ‘डॉक्टरसाहेब’च म्हणतात. आता मात्र येताना घरातील सारी औषधे, नागपूरची आणि आमची, एका पिशवीत घालून आणतात आणि आम्ही काही विचारण्याआधी ती मेजावर ओततात. परवा त्यांत कोणा नातलगाने दिलेली एक बिननावाची पुडीही होती. तिच्यात काय आहे हे आम्हांसही ओळखता आले नाही. ती आम्ही ठेवून घेतली आणि त्यांनी ती ठेवू दिली.